मावशींच्या फोनवरचा मोठा माणूस

आमच्या शाळेत मोबाइलला रेंज येते ती एकाच ठिकाणी, स्वयंपाकाच्या शेडमागे, पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं तर. तीसुद्धा आपल्याकडची येईल की गुजरातची, याचा नेम नसतो. उधव्याच्या पुढे आमचा पाडा आणि पाड्यापासून हद्द हाकेच्या अंतरावर, त्यामुळे जागेवरून न हलता माझा फोन दिवसातून चार वेळा परराज्यात जाऊन येतो. ऑनलाइन हजेरी, पोषण आहाराची माहिती, वर मागवलेले फोटो, सगळं मी टाकीला टेकून पाठवतो. शेडमध्ये खिचडी शिजवणाऱ्या मावशी ते रोज बघत असतात. हे आधी सांगायचं कारण एवढंच, की पुढे जे झालं ते या टाकीपाशी झालं. रेंज वर्गात येत असती तरी माझे पैसे गेलेच असते, पण माझे एकट्याचे गेले असते.

मी राहतो सरावलीला. रोज सकाळी मोटारसायकलने तलासरीवरून शाळेत येतो, संध्याकाळी परत जातो. या पाड्यावर मला चौदा वर्षं झाली. स्वभावाने मी तापट आहे, पोरं मला घाबरतात आणि मला ते आवडतं, हेही कबूल करून टाकतो. त्याहून जास्त एक गोष्ट आवडायची. पाड्यावर काहीही नवीन आलं की लोक आधी विचारायचे, गुरुजींनी केलं का? बँकेची खाती उघडायची होती तेव्हा तसंच झालं. रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा तसंच. लशीच्या वेळी तर दवाखान्याची गाडी दोनदा रिकामी परत गेली होती. तिसऱ्यांदा मी शाळेच्या ओट्यावर खुर्ची मांडली, बाही वर केली आणि सगळ्यांसमोर सुई टोचून घेतली. मग तिथेच तासभर बसलो, काही होत नाही हे दिसावं म्हणून. माझ्यानंतर पहिल्या आल्या त्या मावशी. त्यांच्यामागे अख्खा पाडा. ही गोष्ट मी पुढे किती ठिकाणी आणि किती रंगवून सांगितली, ते आठवलं की आता कान गरम होतात.

दोन वर्षांपूर्वी तालुक्याला सायबर फसवणुकीवर प्रशिक्षण झालं. तिथे शिकून आलो आणि मीच व्याख्यानं द्यायला लागलो. तलासरीत पोलिसांनी जनजागृतीचा कार्यक्रम ठेवला, तेव्हा मला वक्ता म्हणून बोलावलं होतं. शाल मिळाली, नारळ मिळाला. पोलीस ठाण्यातले एक साहेब माझ्या शेजारी बसले होते, त्यांनी माझ्या भाषणाला मान डोलावली. ओटीपी कोणाला देऊ नका, पिन कोणाला सांगू नका, फसलात तर पहिल्या तासात तक्रार करा. मला सगळं पाठ होतं. पुढे माझे पंचवीस हजार गेले तेव्हाही मी ओटीपी कोणालाच दिला नव्हता.

माझा साडू वापीला असतो. दोन वर्षं तो जेवताना, लग्नात, मयतीला गेलं तरी, क्रिप्टोच्या नाण्यांच्या गोष्टी सांगतो. अमुक नाणं घेतलं, तमुक विकलं, बाथरूमला नवीन टाइल्स लावल्या. मी एकदा विचारलं, हे नक्की असतं काय? तर म्हणाला, तुम्ही शिकवा, तुम्हाला कशाला या भानगडी. ते मला लागलं होतं. लोभ नव्हता असं म्हणत नाही, पण लोभापेक्षा ते लागलेलं मोठं होतं.

एके दिवशी मधल्या सुट्टीत टाकीपाशी उभा राहून हजेरी पाठवली आणि सवयीने व्हिडिओ उघडले. समोर एक मोठा माणूस. त्याचं नाव लिहीत नाही, कारण त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. शहाण्या, सुशिक्षित घरांत त्याचा फोटो असतो, एवढं सांगितलं तरी पुरे. वर लाल अक्षरांत लाइव्ह. तो शांतपणे खुर्चीत बसून हिंदीत बोलत होता, की आयुष्यभर देशाने दिलं, आता परत द्यायचं आहे. जितकी नाणी पाठवाल त्याच्या दुप्पट परत, एकदाच, आज फक्त. नाणी नसतील तर रुपये पाठवा, नाणी आम्ही घेऊ. बाजूला चौकोनी कोड, खाली उलटं धावणारं घड्याळ, आणि लोकांचे भराभर येणारे निरोप. मिळाले, धन्यवाद. मिळाले, देव तुमचं भलं करो. त्याचे ओठ शब्दांच्या थोडे मागे पडत होते. मी मनात म्हटलं, रेंजचा दोष आहे.

कोड माझ्याच फोनवर होता आणि माझ्याच फोनने तो स्कॅन करता येईना. घड्याळात अकरा मिनिटं उरली होती. मावशी शेडमध्ये मोठी पातेली घासत होत्या. मी म्हटलं, "मावशी, तुमचा फोन द्या जरा."

त्यांनी हात पुसून फोन दिला. मी त्यांच्या फोनवर तो व्हिडिओ उघडला, टाकीच्या झाकणावर उभा करून ठेवला आणि माझ्या फोनने कोड स्कॅन केला. पैसे ज्याला जाणार त्याचं नाव आलं ते कुठल्याशा किराणा दुकानाचं. तेही मी वाचलं. मोठ्या माणसांचे व्यवहार असेच कुठून कुठून फिरून जात असतील, असं वाटून पुढचं बटण दाबलं.

"काय हाय गुरुजी?" मावशींनी विचारलं.

तेव्हा मी गप्प बसू शकलो असतो. पण कोणी विचारलं की समजावून सांगायची खोड जात नाही. म्हटलं, "पैसे दुप्पट करून देतायत. फार मोठा माणूस आहे हा, मावशी. आपल्याला फसवून त्याला काय मिळणार?"

मावशींनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पातेल्याकडे वळल्या. तेवढ्यात सुट्टी संपली. मी फोन त्यांना परत दिला. व्हिडिओ बंद करायचा राहून गेला.

संध्याकाळपर्यंत काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं तर ते चॅनेलच जागेवर नव्हतं. मी तसाच टाकीला टेकून राहिलो. मला कळलं. खरं सांगायचं तर घरी जातानाच, महामार्ग ओलांडायच्या आधी मला कळलं होतं, फक्त मी ते मनावर घेत नव्हतो. तक्रार करायला हवी, तीही लगेच, हे मीच लोकांना शिकवलेलं. पण तलासरीच्या ठाण्यात शिरायचं, आणि ज्या साहेबांच्या शेजारी बसून शाल घेतली त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं, की साहेब, मी फसलो? माझ्याने ते झालं नाही. बायकोलाही सांगितलं नाही. ती डहाणूला शिक्षिका आहे, तिने एका वाक्यात माझी परीक्षा घेतली असती. मी ठरवलं, पंचवीस हजार गेले, विषय संपला, कोणाला काही कळणार नाही.

तीन-चार दिवसांनी मी जेवायला शेडमध्ये गेलो. पोरांबरोबर मीही तीच खिचडी खातो. त्या दिवशी शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका, आमच्या बाई, तिथे होत्या, आणि दोन पोरांच्या आयाही बसल्या होत्या. मावशींनी माझ्या ताटात खिचडी वाढली आणि सगळ्यांदेखत सहज विचारलं, "गुरुजी, तुमचे आले काय?"

त्या क्षणाला मी किती वेळा परत गेलो असेन. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. त्या बाई नुकत्या नोकरीला लागलेल्या, त्यांना मीच सायबर सुरक्षेची पत्रकं वाटायला लावली होती. "नाही आले, गेले," एवढंच म्हणायचं होतं. चार शब्दसुद्धा नाहीत.

"आले की," मी म्हटलं.

"दुप्पट?"

"दुप्पट."

आणि ताट घेऊन मी वर्गात जाऊन बसलो. खिचडी गार होईपर्यंत वहीत डोकं घालून राहिलो. तरीही माझ्या मनात एकच होतं, बाईंना काही कळलं नाही ना. मावशींनी का विचारलं, हा प्रश्न मला पडलाच नाही. खिचडी करणाऱ्या बाईकडे दुप्पट करायला पैसे असतील, असं माझ्या डोक्यात आलं नाही. हे लिहितानाही लाज वाटते, कारण यात फसवणूक कमी आणि माझा तोरा जास्त दिसतो.

पुढच्या आठवड्यात मी टाकीपाशी होतो. मावशी पदराला हात पुसत माझ्याजवळ आल्या. आवाज लहान केला होता.

"गुरुजी, माझे किती दिवसात येतील? तुमचे लवकर आले."

मी विचारलं, किती पाठवले? नऊ हजार. मानधन कितीतरी महिने थकलं होतं, ते एकदम जमा झालं होतं, ते सगळं. माझ्या त्या दुपारपासून त्यांच्या फोनवर तशाच मोठ्या माणसांचे व्हिडिओ आपोआप यायला लागले होते. त्यातला एक जाऊबाईंच्या फोनवर लावून त्यांना तो धरायला उभं केलं, आणि मी केलं होतं तसंच, पाहून पाहून, मावशींनी आपल्या फोनने कोड स्कॅन केला. जाऊबाईंकडे पैसे नव्हते म्हणून त्या वाचल्या.

मावशींचं घर मला माहीत होतं. आमच्या भागात जमीन हलायला लागली त्या वर्षापासून त्यांच्या घराची मागची भिंत मधोमध फाटली आहे. भूकंपाचे धक्के सवयीचे झाले, लोक आता अंथरुणातून उठतही नाहीत, पण त्या भिंतीतली, पोत्यांच्या बोळ्यांनी बुजवून ठेवलेली भेग दर धक्क्याला बोटभर वाढते. भिंतीपासून लांब म्हणून त्या घराच्या पुढच्या बाजूला झोपतात, सासऱ्यांनाही तिथेच झोपवतात. ते नऊ हजार त्या भिंतीचे होते. हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, पाड्यावर सगळ्यांना माहीत होतं.

मी म्हटलं, "मावशी, चला. तलासरीला जाऊ. तक्रार द्यावी लागेल."

"कशाची?"

"ते पैसे गेलेत."

त्यांनी शेडला कुलूप लावलं, चावी बाईंकडे दिली आणि माझ्यामागे गाडीवर बसल्या. रस्ता बारा-पंधरा किलोमीटरचा. मी सबंध रस्ता मनात जुळवत होतो, साहेबांना सांगू, माझेही गेलेत, आणि यांना मीच सांगितलं की माझे परत आले. वाक्य अगदी तयार होतं.

ठाण्यात तेच साहेब होते. "या गुरुजी, या," म्हणाले. माझ्यासाठी खुर्ची ओढली. मावशी उभ्या राहिल्या, मग त्यांनाही बाकावर बसायला सांगितलं. सगळं ऐकून घेतलं, फोन पाहिला, लिहून घेतलं. चांगले वागले, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मग मावशींना विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं? कोणी पाठवायला लावलं का?"

मी तोंड उघडलं. मावशी माझ्याआधी बोलल्या.

"कोनी नाय साहेब. मीच पायलं."

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून निदान तक्रार तरी होते, गुरुजी. नाहीतर ही मंडळी लाजेपायी घरात बसतात." आणि चहा मागवला. चहा आला. मी तो प्यायलो.

पैसे गेले ते आठवलं तर मला फक्त राग येतो. तो चहा आठवला की मात्र खाली पाहावंसं वाटतं. मी बशीत न ओतता, घाई न करता, पाहुण्यासारखा, संपवून कप खाली ठेवला होता.

परत येताना उधव्याच्या अलीकडे मावशींनी गाडी थांबवायला सांगितली. मला वाटलं काही घ्यायचं असेल. त्या उतरून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या.

"तुमचे नाय आले ना गुरुजी?"

"नाही."

"मना माझे गेल्यावर समजलं. त्या दिसापासून तुमी शेडमध्ये बसून जेवत नाय. ताट उचलून वर्गात नेता." मग माझ्याकडे बघून, "मग आले का बोललात?"

मी रस्त्याकडे पाहत म्हटलं, "लाज वाटली, मावशी. सगळ्या होत्या तिथे."

"तुमची लाज मना महाग पडली," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

मी विचारलं, साहेबांना का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, तुमच्या हाताखाली माझ्या नातवंडांनी शिकायचं आहे, त्यांच्या गुरुजींना मी ठाण्यात कशी बसवू. मग काहीतरी आठवल्यासारखं करून त्यांनी विचारलं, "तो डोकरा कोन होता?"

"कोण डोकरा?"

"त्या फोनमधला. खुर्चीत बसलेला."

मी नाव सांगितलं. त्यांनी ते नाव कधी ऐकलं नव्हतं. ज्या चेहऱ्यावर भुलून मी माझे पैसे पाठवले होते, तो कोणाचा होता हेही त्यांना ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, मग तुम्ही विश्वास कोणावर ठेवलात?

"मी त्याला कुठं पायलं? मी तुमाला पायलं."

आणि त्या गाडीवर येऊन बसल्या. त्या मोठ्या माणसाचा चेहरा चोरून चोरांनी मला फसवलं. मावशींना फसवायला मात्र त्यांना चेहरा चोरावा लागला नाही. मी माझा टाकीपाशी उभा राहून आपण होऊन दिला होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटा तलासरीला गेलो आणि माझी तक्रार दिली. मावशींना काय सांगितलं होतं तेही लिहून दिलं. साहेबांनी दोनदा वाचलं. या वेळी चहा मागवला नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. दोघांचेही पैसे अजून आलेले नाहीत. घरी बायकोला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "त्यांची भिंत?"

पगार झाल्यावर मी मावशींना नऊ हजार द्यायला गेलो. त्यांनी हात पुढे केला नाही. "पैसे नको," म्हणाल्या, "पैसे फोनमधून उडतात. विटा आना."

विटांचा टेम्पो पाड्यात शिरला तेव्हा सगळे बाहेर आले. गुरुजी विटा कशाला आणतात, कोणाच्या आहेत, कोणती योजना आली आहे का, आम्हाला मिळतील का? मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे म्हटलं, "गुरुजींना विचारा." मी इकडे तिकडे पाहिलं, पण त्यांनी माझी सुटका केली नाही, ठाण्यात केली होती ती एकदाच. मग विटा उतरवत उतरवत, घामाने चिंब, मी ज्याने विचारलं त्याला सांगितलं. पहिल्यांदा फार अडखळलो. पाचव्यांदा अडखळलो नाही, पण सोपंही झालं नाही. एक म्हातारा शेवटपर्यंत ऐकून एवढंच म्हणाला, "तुमी पन?" आणि घरात गेला.

भिंत झाली. नंतर हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम आली. दवाखान्यातल्या ताई दरवर्षी येतात, गोळ्या समोर गिळायला लावतात, कारण लोक घेतो म्हणून खिशात टाकतात आणि घरी जाऊन फेकून देतात. दरवर्षी ओट्यावर पहिली गोळी मी घेतो आणि माझ्यामागे रांग लागते. यंदा मी घेऊ की नको अशा विचारात मागे उभा होतो. ताईंनीच हाक मारली. गेलो, गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायलो आणि वळलो.

रांग लागली नव्हती. सगळे जागच्या जागी उभे होते. मग मावशी पुढे आल्या, हातावर गोळ्या घेतल्या, पण तोंडात टाकल्या नाहीत. माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "गिळल्या ना गुरुजी?"

अख्खा पाडा बघत होता, पोरंही होती. मी तोंड उघडलं, जीभ वर केली आणि त्यांना दाखवलं. मावशींनी वाकून नीट पाहिलं. मगच त्यांनी पाण्याचा पेला उचलला.